थांबलेली शर्यत, अस्वस्थ मन

कोरोनाच्या महासाथीमुळे टोकियो पॅरालिंपिक स्पर्धा २०२० ऐवजी २४ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाल्या. त्या लांबलेल्या वर्षाचा दिव्यांग खेळाडूंच्या मनावर विशेष ताण का पडला, हे आपण समजून घेऊ या. अंध धावपटू सोबत्याच्या हाताशी दोरीने जोडलेला असतो. त्याला 'अंतर राखा' म्हणजे 'धावू नका' असाच आदेश होता. मानेच्या मणक्याला इजा झालेल्यांचे श्वसनाचे स्नायू दुर्बळ असतात. त्यांना संसर्गाचे भय अधिक. त्यात तरणतलाव बंद, मदतनीस दूर आणि ध्येयाची तारीख पुढे गेलेली. अशा वेळी निराशा कोणासही ग्रासू शकते. तिला दुबळेपणा म्हणू नये. टोकियोत भारताने १९ पदके जिंकली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. परंतु शेजारच्या दिव्यांग बांधवाची त्या काळात आम्ही विचारपूस केली होती काय?