बिनशंखाच्या गोगलगायी

पावसाळ्यात इंद्रायणीकाठच्या इंदुरीच्या बांधावर गोगलगायी हमखास दिसतात. त्यांच्या रंगीत, बिनशंखाच्या बहिणी म्हणजे न्यूडिब्रँक. त्या समुद्रात राहतात. इंद्रायणीच्या गोड्या पाण्यात त्या जगत नाहीत. त्या पाहायला कोकण गाठावे लागते. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि जवळच तारकर्लीला एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र.

कित्येक जाती बोटाच्या पेराएवढ्याही नसतात. म्हणून आधी त्यांचे खाद्य शोधावे: खडकावरचे स्पंज आणि झुडपासारखे हायड्रॉइड. न्यूडिब्रँकच्या डोक्यावरची दोन शिंगे वास टिपतात. काही जाती हायड्रॉइड खातात, पण त्यांच्या दंशपेशी पचवत नाहीत. त्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांत साठवून शत्रूवर उलटवतात.

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते, त्यामुळे खोलवर लाल जीव काळपट दिसतो. म्हणून फोटो काढताना मॅक्रो लेन्स लावून जवळ जावे आणि फ्लॅश वापरावा, म्हणजे खरा रंग उमटतो. पायांतल्या फिनच्या फटक्याने गाळ उडाला, की फोटोभर पांढरे ठिपके! म्हणून कॅमेऱ्याआधी पाण्यात स्थिर तरंगायला शिका. आणि चांगल्या फोटोसाठी त्या जिवाला उचलू किंवा हलवू मात्र नका.