घाटापलीकडचा परदेश

वाळपईच्या जुन्या माणसांना विचारा, की तुमच्या लहानपणी परदेश म्हणजे कुठला? लिस्बनचं नाव कोणी घेत नाही. लिस्बन तर म्हणे 'आपल्या' राज्याची राजधानी. परदेश म्हणजे बेळगाव! आज चोर्ला घाटातून दोन-अडीच तासांत आपण तिथे पोचतो, बाजार करून संध्याकाळी परततो. पण १९६१ पूर्वी सत्तरीतल्या मुलाने शिकायला बेळगावला जायचं, तर त्याला दुसऱ्या देशात जावं लागे.

माझं माहेर बेळगावचं आणि सासर वाळपईचं. त्यामुळे या परदेशाच्या गोष्टी मी दोन्ही बाजूंनी ऐकल्या. त्यातली सर्वांत जास्त वेळा ऐकलेली माझ्या सासऱ्यांची. मामंजी १९५१ साली, बाराव्या वर्षी, बेळगावच्या हायस्कुलात दाखल झाले. इथे सरकारी शाळा होती ती पोर्तुगीज भाषेची. मराठी शिकायचं तर खासगी शाळा किंवा घरगुती पंतोजी, आणि तेही खालच्या इयत्तांपुरतंच. म्हापशाला, मडगावला इंग्रजी हायस्कुलं होती, पण ज्यांचं गणगोत घाटावर होतं ते मुलाला घाटावरच धाडत. कविवर्य बा. भ. बोरकरसुद्धा शिकायला धारवाडला गेले होते. म्हणजे गंमत बघा, आपल्या भाषेत शिकायचं म्हणून पोरांनी देश ओलांडायचा!

मामंजींना त्या प्रवासाचा तपशील अखेरपर्यंत तोंडपाठ होता. पत्र्याची ट्रंक, तिच्यात दोन सदरे, दोन चड्ड्या, आईने दिलेली सोलं आणि तांदळाच्या पिठाचे लाडू. बैलगाडी, होडी, मग मोटार असं करत संध्याकाळी कुळ्याला पोचायचं. रात्री ओळखीच्या घरी ओटीवर पथारी. बरोबर सत्तरीतलीच आणखी दोन मुलं आणि पोचवायला एक काका. तिघांनाही झोप आली नाही. पैजा चालल्या होत्या. परदेशातली माती कुठल्या रंगाची असेल? तिथले कावळे असेच ओरडत असतील का? एकाने तर ठासून सांगितलं, की रेघ आखलेली असते, ती गाडीतून दिसते. त्या रेघेवर डोळा ठेवायचा म्हणून खिडकी कोणाची, यावरून भांडण झालं.

सकाळी कुळ्याला पोर्तुगीज पहाऱ्याची तपासणी. 'पाकले' म्हणजे गोरे शिपाई एवढ्या जवळून मामंजींनी प्रथमच पाहिले. मग ती मीटरगेजची गाडी घाट चढू लागली. १८८०च्या दशकात बांधलेला हा लोहमार्ग, बोगद्यामागून बोगदे. पोरं बोगदे मोजत होती आणि दर वेळी आकडा चुकत होता, कारण अंधार झाला की तिघेही ओरडत. दूधसागरचे तुषार खिडकीतून आत आले तेव्हा मात्र कोणी बोललं नाही. मामंजी म्हणायचे, "तेवढ्या वेळात आईची आठवण आली. मग परत बोगदा आला, बरं झालं."

रेघ काही दिसली नाही. कॅसलरॉकला गाडी थांबली आणि काका म्हणाले, उतरा, आलो हिंदुस्थानात. इथे भारताची जकात. ट्रंका उघडल्या गेल्या. घड्याळ, परदेशी कापड असं काही लपवलंय का, याचा शोध. कारण गोव्यात तो माल स्वस्त. एका अधिकाऱ्याने सोलांची पुरचुंडी नाकाशी नेली, हसला आणि कानडीत विचारलं, "एल्लिंद बंदी, तम्मा?" कुठून आलास रे भावा! बारा वर्षांच्या पोराला त्यातलं अक्षर कळलं नाही. आयुष्यात ऐकलेलं हे पहिलं कानडी वाक्य, आणि त्यांना वाटलं आपल्याला पकडलं. ते रडायलाच लागले! काकांनी 'वाळपई' असं उत्तर दिलं, तेव्हा ट्रंक बंद झाली. खिशातल्या गोव्याच्या रुपियाचे इथले पैसे करून घेतले आणि लोंढ्याला गाडी बदलून रात्री बेळगाव.

माती गोव्यासारखीच तांबडी निघाली. कावळेही तेच.

बेळगावात ज्यांच्या माडीवर ही मुलं राहत, त्या आजी कानडी बोलणाऱ्या. मामंजींना वर्गात पोरं 'पोर्तुगीज' म्हणून चिडवायची आणि घरी आजी 'तम्मा' म्हणून हाक मारायच्या. वर्षभरात ते तिन्ही भाषांत भांडू लागले, असं ते अभिमानाने सांगत. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि चवथीला, तोच प्रवास उलटा. येताना आईने सांगून ठेवलेलं असे, "चवथीक यो हां." सत्तरीत चवथ म्हणजे माटोळी, रानातली फळं-पानं बांधून सजवलेली. तिच्यासाठी रानात हिंडायला मिळावं म्हणून मामंजी श्रावणापासूनच ट्रंक भरून ठेवायचे.

१९५५ साली ट्रंक भरलेलीच राहिली. त्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, परवान्याशिवाय येणं-जाणं अवघड झालं. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. बेळगावच्या माडीवरच्या तीन मुलांसाठी त्याचा अर्थ एवढाच होता, की चवथीला घरी जायचं नाही. गोव्यात पुढे बटाटे हॉलंडहून येऊ लागले म्हणतात, आणि इकडे घाटमाथ्यावर बेळगावी बटाट्याची रास पडलेली! मुलांना मात्र बोटीने आणायची सोय नव्हती.

तिघांनी बाजारातून काकड्या, दोडके, केळी आणून खोलीच्या आढ्याला एक छोटी माटोळी बांधली. आजींनी वर येऊन पाहिलं, काही बोलल्या नाहीत. दुपारी त्यांच्यासाठी ताटात कडुबू आले. आईचा निरोप आला तो महिन्याभराने, घाट चढून आलेल्या कोणाच्या तरी हाती, चिठ्ठीवर. मामंजींनी ती चिठ्ठी मला दाखवली होती. तिच्यात मुलाच्या खुशालीपेक्षा गाईच्या वासराचीच हकीकत जास्त होती.

त्यांनी पुढच्या वर्षी मॅट्रिक केलं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्यामुळे परदेशात बसल्या बसल्या त्यांचं राज्यही बदललं. हा विषय आपल्या वाचकांना मी काय सांगावा! १९६१च्या डिसेंबरात गोव्यात उतरायला निघालेल्या लष्कराची जमवाजमव बेळगावातच झाली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. सत्तरीतल्या पोरांना शाळेसाठी ट्रंक भरायची गरज उरली नाही.

मी स्वतः वाळपई परिसरातल्या शाळेत शिकवलं. २००८च्या डिसेंबरात सातवीची सहल बेळगावला नेली, तेव्हा मामंजींची गोष्ट वर्गात आधी सांगून चुकले होते. मग काय विचारता? केरी सोडून बस घाट चढू लागल्यापासून "बाई, परदेश कधी लागणार?" हाच धोशा. अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसलं तरी कोणाचं तिकडे लक्ष नाही. ही मुलं दूरदर्शनवर अमेरिका पाहिलेली. एकाचा मामा दुबईत. तरी खिडकीसाठी भांडणं झाली आणि ती रेघ बघायला बसच्या एका अंगाला सगळी अशी झुकली, की चालकाने ओरडून जागेवर बसवलं.

रेघ याही वेळी दिसली नाही. एक पाटी दिसली, कानडी अक्षरांची. बस एकदम गप्प. मागून एका मुलीचा आवाज आला, "चोर्ला". तिची आई खानापूर तालुक्यातली, घरी कानडीही चालायचं, आजोळी ती अक्षरं शिकली होती. वर्गात फारशी न बोलणारी ती पोर त्या क्षणापासून पुढच्या बाकावर! प्रत्येक पाटी तिने वाचायची आणि बाकीच्यांनी ओरडायचं. चहा गरम हवा असेल तर काय म्हणतात, हेही तिने शिकवलं. कणकुंबीपर्यंत तेवढ्याचीच घोकंपट्टी चालली.

कणकुंबीला बस थांबली तशी पस्तीस मुलं टपरीपुढे उभी राहून एका सुरात म्हणाली, "बिसी चहा कोडरी!" टपरीवाल्याने किटली खाली ठेवली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "देतो की. पण कपात देऊ का पेल्यात?"