माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून का आहेत?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे एक वैदिक संमेलन भरले होते. केंद्रातील त्या वेळचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह त्यासाठी आले होते. डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले किंवा लिहून ठेवलेले नाही, म्हणून शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, अशा आशयाचे विधान त्यांनी तेथे केले. त्यावर देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून हे म्हणणे खोडून काढले.

पत्रक निघाले, बातमी छापून आली आणि विषय संपला. पण खरा प्रश्न आपल्या घरात शिल्लक राहतोच. शाळेतून आलेली मुलगी आईला विचारते, "आई, आपण माकडापासून झालो ना? मग माकडे अजून माकडेच कशी?" आई कामावरून दमून आलेली असते. "जा, बाईंना विचार," एवढेच ती म्हणते. बाईंना पोर्शन संपवायची घाई असते. प्रश्न तसाच राहतो. वाचक बंधू-भगिनींनो, असे नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आज आपण पाहू. त्यांची उत्तरे कळायला फार मोठ्या शिक्षणाची गरज नाही.

डार्विन कोण होता?

चार्ल्स डार्विन (१८०९-१८८२) हा इंग्लंडचा निसर्ग अभ्यासक. १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे 'बीगल' नावाच्या जहाजातून त्याने जगप्रवास केला, प्राणी, वनस्पती, दगड गोळा केले आणि पुढे वीस-बावीस वर्षे विचार करून १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीसीज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास आल्फ्रेड रसेल वॉलेस हा दुसरा संशोधकही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला होता.

डार्विनच्या चरित्रातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तरुणपणी एडिंबरो येथे शिकत असताना मेलेल्या पक्ष्यांची कातडी भरून ती टिकवण्याची कला तो जॉन एडमन्स्टन नावाच्या माणसाकडून पैसे देऊन शिकला. हा एडमन्स्टन दक्षिण अमेरिकेतील गयाना येथे गुलाम होता व नंतर मुक्त झाला होता. या काळ्या गुरूविषयी डार्विनने पुढे आपल्या आत्मचरित्रात आदराने लिहिले. ब्राझीलमध्ये गुलामांचे हाल पाहून तो संतापला आणि त्यावरून जहाजाच्या कप्तानाशी त्याचे भांडणही झाले.

प्रश्न १ : माकडे अजून का आहेत?

डार्विनने असे कधी म्हटलेच नाही की, आज झाडावर दिसणाऱ्या माकडाचा उद्या माणूस होतो. त्याचे म्हणणे असे की, माणूस आणि माकड यांचे फार पूर्वीचे पूर्वज एक होते.

घरचेच उदाहरण घेऊ. एका पणजोबांना दोन मुलगे होते. थोरला गावी राहिला, धाकटा मुंबईला गिरणीत लागला. आज थोरल्याचा नातू गावी शेती करतो आणि धाकट्याचा नातू मुंबईत रिक्षा चालवतो. "तू मुंबईचा, तर मग गावचे लोक अजून गावी कसे?" असे रिक्षावाल्याला कोणी विचारीत नाही. तो गावच्या भावापासून जन्मलेला नाही. दोघांचे मूळ एक, वाटा वेगळ्या झाल्या. आणि गावचा भाऊही पणजोबांसारखा राहिलेला नाही. त्याच्याही हातात मोबाईल आला आहे.

चिंपांझी हा आपला सर्वांत जवळच्या भावांपैकी एक. त्याची आणि आपली वाट सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. आपल्याकडची काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे त्याहून लांबची. त्यांचे आणि आपले समान पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचे. असेच मागे मागे गेले तर गाय, कोंबडी, मासा, इतकेच नव्हे तर आंब्याचे झाड आणि दह्यातले जंतूसुद्धा या कुळात येतात. त्या सर्वांचे मूळ साडेतीनशे कोटी वर्षांहूनही जुने आहे. या सर्वांच्या पेशींतील डीएनए जवळजवळ एकाच लिपीत लिहिलेला आहे, हा त्या नात्याचा मोठा पुरावा होय.

प्रश्न २ : पण हे होताना कोणी पाहिले?

चोरी होताना कोणी पाहिले नाही म्हणून चोर सुटत नाही. पावलांचे ठसे, तुटलेले कुलूप, सापडलेला माल यांवरून छडा लागतोच. उत्क्रांतीचे ठसेही जागोजागी आहेत. त्यांतले तीन पाहू.

पहिला ठसा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. घरी कोंबडी आणली की तिच्या पंखाची हाडे मुलांना दाखवा. खांद्यापासून निघालेले एक हाड, पुढे शेजारी शेजारी दोन हाडे, त्यापुढे मनगट आणि चिकटून गेलेली बोटे. आता स्वतःचा हात चाचपून पाहा. दंडात एक हाड, कोपराच्या पुढे दोन, मग मनगट आणि बोटे. बोकडाच्या पुढच्या पायातही तीच दोन हाडे असतात, मात्र ती एकमेकांना जुळून गेलेली दिसतात. वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पोहण्याचा परही याच नमुन्याचा. उडायचे, पोहायचे, धावायचे, हातोडा धरायचा अशी कामे निरनिराळी, पण सांगाडा एकच. कारण तो एकाच पूर्वजाकडून वारशाने आलेला आहे.

दुसरा ठसा दगडात आहे. देवमासा हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजतो आणि श्वास घेण्यासाठी पाण्यावर येतो. मग जमिनीवरचा प्राणी समुद्रात गेला कसा? याचा एक महत्त्वाचा दुवा आपल्या देशात मिळाला. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते दगड अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे आले. दगड फोडून हाडे मोकळी केली तेव्हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या, मांजराएवढ्या, खुरांच्या प्राण्याची ओळख पटली. त्याचे नाव इंडोह्यूस. दिसायला तो छोट्या हरणासारखा, पण त्याच्या कानाच्या हाडाची जाड भिंत देवमाशाच्या कानासारखी होती. देवमाशाच्या पूर्वजांचा हा जवळचा नातलग आहे, असे २००७ साली जाहीर झाले.

तिसरा ठसा आपल्या रक्तामांसात आहे. कुत्रा, मांजर, शेळी हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपल्याला मात्र आवळा, पेरू, लिंबू खावे लागते, नाहीतर स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येते. असे का? ते जीवनसत्त्व बनवणारे जनुक आपल्यातही आहे, पण ते मोडलेले आहे. आणि वानरे, माकडे, चिंपांझी यांच्यातही तेच जनुक मोडलेले असून मोडतोडीच्या खुणाही जुळतात. परीक्षेत दोन मुलांचे उत्तर बरोबर आले तर मास्तरांना संशय येत नाही. पण दोघांची चूक एकाच ओळीत, एकाच शब्दात सापडली की मास्तर ओळखतात, दोघांनी एकाच वहीवरून उतरवले आहे. आपण आणि माकडांनी ती चूक एकाच पूर्वजाच्या वहीवरून उतरवली आहे.

प्रश्न ३ : ही तर नुसती 'थिअरी' आहे ना?

बोलताना आपण 'थिअरी' म्हणजे अंदाज असे समजतो. विज्ञानात तसे नाही. असंख्य पुरावे ज्या एका सूत्रात बसतात आणि जे वारंवार तपासूनही टिकते, त्याला सिद्धान्त म्हणतात. रोग जंतूंमुळे होतात, हाही सिद्धान्तच आहे. म्हणून डॉक्टर ऑपरेशनआधी हात धुण्याचे सोडून देत नाहीत.

प्रश्न ४ : एवढे सुंदर शरीर निव्वळ योगायोगाने झाले?

नाही. एकाच आईबापाची मुले सारखी नसतात, हा बदल कोणी ठरवून होत नाही. पण त्यांपैकी कोणता बदल टिकणार, हे परिस्थिती ठरवते. शेतकरी चांगली कणसे निवडून बियाण्याला ठेवतो आणि काही वर्षांत वाण सुधारतो. निसर्गात निवडणारा शेतकरी नसतो. थंडी, दुष्काळ, शत्रू, रोगराई यांतून जे तगतात आणि ज्यांना पिल्ले होतात, त्यांचे गुण पुढे जातात. हीच नैसर्गिक निवड. लाखो पिढ्या ती चालली की मोठे बदल घडतात.

शरीर सुंदर आहे खरे, पण निर्दोष नाही. घास आणि श्वास यांचे मार्ग घशात एकमेकांना ओलांडतात, म्हणून जेवताना हसलो की ठसका लागतो आणि कधी घास अडकून जीवही जातो. नव्याने आराखडा काढणाऱ्याने असे केले नसते. पण आपली फुप्फुसे प्राचीन माशांच्या अन्ननलिकेला फुटलेल्या पिशवीतून घडत आली. जुन्याच घराला खोली वाढवावी तसे हे झाले. अशा घरात दार कुठेतरी अडचणीचे निघतेच.

प्रश्न ५ : म्हणजे 'बळी तो कान पिळी' हाच निसर्गाचा नियम?

हा सर्वांत घातक गैरसमज आहे. 'सर्वांत लायक तो टिकतो' अशा अर्थाचे शब्द प्रथम हर्बर्ट स्पेन्सर याने १८६४ मध्ये वापरले. लायक म्हणजे दांडगा नव्हे, तर त्या वेळच्या परिस्थितीला जुळणारा. अवाढव्य डायनोसॉर गेले, मुंगी राहिली. एकमेकांना धरून राहणे हेही टिकण्याचे मोठे साधन आहे. मुंग्या, मधमाश्या आणि माणूस त्याची साक्ष देतात.

तरीही या शब्दांचा आधार घेऊन गोऱ्यांनी काळ्यांना हीन ठरवले. खरे तर उत्क्रांतीचे शास्त्र नेमके उलट सांगते. आजची सर्व माणसे एकाच जातीची, ती म्हणजे मनुष्यजात, आणि तिचे मूळ आफ्रिकेत आहे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडलेले आपल्या जातीचे अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात शरीरमापनाचे आकडे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत, असे दाखवले होते. माणसांचे डीएनए ताडून पाहण्याचे शास्त्र तेव्हा जन्मायचे होते. ते आल्यावरही जन्मावरून उच्चनीच ठरवायला कोणाला आधार मिळालेला नाही.

प्रश्न ६ : हे कळून आपल्याला उपयोग काय?

उपयोग थेट आपल्या वस्तीत आहे. टीबीच्या रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांतील थोडेसे योगायोगाने औषधाला दाद न देणारे निघतात. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, ताप गेला, मग कामाचा खाडा नको म्हणून माणूस गोळ्या सोडतो. तोवर साधे जंतू बहुतेक मेलेले असतात, चिवट मागे राहतात आणि त्यांचीच पैदास वाढते. पुढे तीच औषधे लागू पडत नाहीत आणि खोकल्यातून तो चिवट टीबी घरातल्या लेकरालाही होऊ शकतो. ही नैसर्गिक निवड आहे, डोळ्यांदेखत घडणारी. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच औषध अपुरे घेतल्याने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. तेव्हा डॉक्टर सांगतील तितके महिने औषध पुरे करायचे. सरकारी दवाखान्यात टीबीचे औषध मोफत असते.

आता पुस्तकांचे काय?

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढण्यात आला. आधी करोनाच्या काळात मुलांवरचे ओझे कमी करण्यासाठी म्हणून तो वगळला होता, नंतर पुस्तकातूनच गेला. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी पत्रावर सह्या करून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय ठेवला, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? दहावीनंतर कोणी आयटीआयला जाते, कोणी कॉमर्सला, कोणी थेट कामाला. त्यांनी हे ज्ञान कुठून घ्यायचे? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता. तुमच्या मुलांच्या पुस्तकात तो आहे की नाही, आणि असल्यास वर्गात शिकवला जातो की नाही, हे पालकांनी स्वतः पाहावे. पालकसभेत विचारायला संकोच करू नये.

आणि घरी मुलांनी प्रश्न विचारला तर त्यांना गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर "चल, दोघे मिळून शोधू" म्हणा. रविवारी कोंबडी शिजवायच्या आधी पाच मिनिटे तो पंख मुलीच्या हातात द्या, तिचा हात शेजारी ठेवा आणि हाडे तिलाच मोजू द्या.