रबराचा वड : आधारवृक्षापासून जिवंत पुलापर्यंत

कार्यालयांच्या दालनांत व घरांच्या सज्जांत कुंडीत वाढणारे, जाड आणि चकचकीत पानांचे ‘रबर प्लांट’ सर्वांच्या परिचयाचे आहे. हेच झाड आपल्या मूळ अधिवासात, म्हणजे पूर्व हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत, म्यानमार आणि त्यापुढे इंडोनेशियापर्यंतच्या दमट वनांत, तीस मीटरपर्यंत वाढणारा महावृक्ष होते. वड, पिंपळ, उंबर व अंजीर यांच्या कुळातील या वृक्षाचे शास्त्रीय नाव ‘फायकस इलॅस्टिका’ असे आहे.

वाढीची पद्धत

घनदाट अरण्यात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाश फारसा पोहोचत नाही. या वृक्षाने त्यावर वेगळाच उपाय साधला आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात रुजते. रोपटे उंचावरच प्रकाश मिळवते आणि खाली मुळे सोडते. ही मुळे जमिनीत पोहोचली की वाढीचा वेग वाढतो. आधारवृक्षाभोवती मुळांचे जाळे विणले जाते. जेथे दोन मुळे एकमेकांना घट्ट भिडतात तेथे ती जुळून एकजीव होतात.

हा वृक्ष बांडगुळाप्रमाणे आधारवृक्षाचा रस शोषत नाही. मात्र त्याची पाने वरचा प्रकाश अडवतात, मुळे जमिनीतील पाणी व अन्नद्रव्ये ओढून घेतात आणि जाळ्यामुळे आधारवृक्षाच्या खोडाची जाडी वाढण्यास वाव राहत नाही. अशा कोंडीत आधारवृक्ष अनेकदा मरतो व कुजून जातो. तोपर्यंत मुळांचे जाळेच खोडाचे काम करू लागलेले असते.

परागीभवन

ज्याला आपण फळ म्हणतो, तो वस्तुतः आतून फुलांनी भरलेला पोकळ पुष्पाशय असतो. उंबर फोडल्यावर उडणारी केंबरे अनेकांनी पाहिली असतील. तशाच प्रकारची, परंतु याच वृक्षाशी बांधलेली सूक्ष्म गांधीलमाशी रबराच्या वडाचे परागीभवन करते. ती जेथे नाही तेथे रुजणारे बी तयार होत नाही. म्हणूनच बागांमधील या झाडांची अभिवृद्धी गुटी कलमाने किंवा छाट कलमाने करतात.

चिकापासून रबर

1810 च्या अखेरीस सिल्हेटहून विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे मधाने भरलेली एक वेताची टोपली आली. आतून एका झाडाचा चीक माखलेला असल्याने तिच्यातून मध गळत नव्हता. तो चीक याच वृक्षाचा होता. पुढे आसामच्या वनांतून हे रबर गोळा होऊ लागले आणि 1873 मध्ये तेजपूरजवळ चारद्वार येथे वनखात्याने त्याची लागवड सुरू केली. परंतु मूळच्या ब्राझीलमधील ‘हेविया’ वृक्षाच्या रबरापुढे ते व्यापारात टिकले नाही. आज भारतात नैसर्गिक रबरासाठी हेविया लावला जातो.

मेघालयातील जिवंत पूल

या वृक्षाचा सर्वांत विलक्षण उपयोग मेघालयातील खासी व जैंतिया समाजाने शोधला. चेरापुंजी परिसरात वर्षाला सरासरी 11,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात, बांबूचे साकव लवकर कुजतात आणि सुपारीच्या बागांतून माल बाहेर काढणे कठीण होते. यासाठी ओढ्याच्या काठावर रबराचा वड लावून त्याची हवाई मुळे बांबूच्या किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडाच्या आधाराने पलीकडे नेली जातात. तेथे ती जमिनीत रुजतात, जाड होतात आणि परस्परांत गुंफून एकजीव होतात. पायवाटेसाठी त्यांवर दगड व माती टाकतात.

पूल वापरण्याजोगा होण्यास दशके लागतात. लावणारी पिढी एक, त्यावरून निर्धास्त चालणारी दुसरी. लाकूड काळाने कुजते, लोखंड गंजते. हा पूल मात्र झाड निरोगी असेपर्यंत अधिक भक्कम होत जातो. काही पूल पन्नास मीटरच्या आसपास लांबीचे आहेत. नोंग्रियाट येथील दुमजली पूल विशेष प्रसिद्ध आहे. 2022 मध्ये हा पूलप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला.

तथापि, कोवळी मुळे वेळोवेळी गुंफणारे हात नसतील तर पूल दुर्बल होतो. लोखंडी पुलांची सोय आणि पर्यटकांची वर्दळ यांमुळे ही देखभाल व तिचे ज्ञान दोन्ही धोक्यात येऊ शकतात. पूल जपणे म्हणजे झाडासोबत ते कौशल्यही जपणे होय.

लागवड करताना

गुटी पावसाळ्याच्या आरंभी बांधावी. पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांदीवरील दोन ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढून, चीक पुसून, ओले शेवाळ लावावे व प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. भरपूर मुळे दिसू लागल्यावर फांदी कापून कुंडीत लावावी. चिकामुळे त्वचेची आग होऊ शकते, म्हणून हातमोजे वापरावेत.

कुंडीत हे झाड आटोक्यात राहते. जमिनीत लावल्यास त्याची मुळे दूरवर पसरतात. त्यामुळे घर, विहीर, पाण्याची टाकी व जलवाहिनी यांच्याजवळ ते लावू नये. जी मुळे ओढ्यावर पूल उभारतात, तीच भिंतीलाही तडे देऊ शकतात.