औंढ्याच्या भिंतीकडे पाहा

नांदेडहून अर्धापूर मागं टाकून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा येतं. इसापूरच्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात खेळलं आणि केळी, ऊस, हळद रस्त्याच्या कडेपर्यंत आली. या भागात पाहुणे उतरले की त्यांना काय दाखवायचं, हे घरात कुणी कुणाला विचारत नाही. एक नांदेडचा गुरुद्वारा, दुसरा औंढ्याचा नागनाथ. गुरुद्वाऱ्यात माणूस लंगरला बसतो, तेवढा तरी थांबतो. औंढ्यात मात्र रांग, पिंडी, प्रसाद आणि परत गाडीत. मराठवाड्यातलं एवढं मोठं यादवकालीन देऊळ रोज हजारो लोक आतून बघतात आणि बाहेरून न बघता निघून जातात. ही तक्रार भाविकांबद्दल नाही, रांगेच्या आखणीबद्दल आहे. रांग माणसाला थेट दारात नेते आणि भिंतीकडे पाठ करून बाहेर काढते.

पण नागनाथ वाचायचा तो भिंतीवरून. प्राकाराच्या आत उभं राहून देवळाकडे पाहिलं की एकावर एक ठेवलेल्या दोन इमारती दिसतात. खालची काळ्या दगडाची, कोनाकोनांत मोडत गेलेली, एका सपाट रेषेत कुठंच न थांबणारी. वरची विटा-चुन्याची, रंगवलेली, थरांथरांनी निमुळती होत गेलेली. खालचं बांधकाम तेराव्या शतकाच्या आसपासचं, देवगिरीच्या यादवांच्या काळातलं. मध्यंतरी देवळाची मोडतोड झाली, मूळ शिखर गेलं. आज दिसणारं शिखर मराठा काळातलं, आणि त्याचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. ज्या बाईंनी काशीपासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत पडलेली देवळं उभी केली, त्यांच्या यादीत औंढा असणं स्वाभाविकच. नव्या गवंड्यांनी जुन्याची नक्कल केली नाही. त्यांना येत होतं तसं शिखर त्यांनी बांधलं. त्यामुळं दगड कुठं संपला आणि वीट कुठं सुरू झाली, हे अडाणी डोळ्यालाही कळतं. काही जाणकारांना हा सांधा खटकतो. मला तो या देवळाचा सगळ्यात खरा भाग वाटतो, कारण देऊळ पडलं होतं आणि पुन्हा उभं केलं, ही गोष्ट तो लपवत नाही.

खालच्या भिंतीला वेळ द्यायचा असेल तर जोत्यापासून सुरुवात करावी. आडवे थर वर चढत जातात, त्यांत हत्तींची रांग आहे. त्याच्या वर देवदेवता, सुरसुंदरी, शिवाची रूपं. बऱ्याच मूर्तींचे चेहरे आणि हात फुटलेले आहेत, तरी कमरेचा बाक आणि पायाची ठेवण शाबूत आहे, आणि शिल्पकाराचा हात तेवढ्यावरूनही ओळखता येतो. कोपऱ्यांवर कोपरे काढल्यामुळं ऊन सरकलं की सावल्या सरकतात. एकच भिंत सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी दिसते.

आपल्याकडे काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा कर्ता. त्याच्या नावावर लोकांनी मोडी लिपीही लावली आणि त्याच्या जन्माआधीची देवळंही लावली. चुना न वापरता, दगडाला खाच पाडून दुसऱ्याची कूस त्यात बसवायची आणि वजनावर इमारत तोलायची, ही रीत त्याच्या आधीपासून होती. औंढ्याचं देऊळ मात्र काळानं त्याच्या जवळपास येतं, म्हणून इथं तरी ते नाव फारसं चुकत नाही.

आतला प्रकार निराळा आहे. पिंडी सभामंडपाच्या पातळीवर नाही, खाली भुयारात आहे. अरुंद तोंडातून, उंच पायऱ्यांवरून, जवळजवळ बसत उतरावं लागतं. खाली छत ठेंगणं, हवा दमट, एका वेळी थोडीच माणसं मावतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरूनच हात जोडलेले बरे.

बारा ज्योतिर्लिंगांतलं नागेश ते हेच, असं आपण म्हणतो. द्वारकेजवळच्या नागेश्वराचे आणि उत्तराखंडातल्या जागेश्वराचे भक्तही तेच म्हणतात. हा वाद नागेशाचं म्हटलं जाणारं दारुकावन नेमकं कुठं होतं यावर अडलेला आहे आणि तो तसाच अडलेला राहील.

औंढ्याकडे दुसरी एक मिळकत आहे, तिच्यावर कुणाचा दावा नाही: नामदेव. संतांच्या मेळ्यात गोरोबा काकांनी नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मग गुरू शोधत ते औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून जिथं ठेवावेत तिथं पिंडी. ही झाली गुरूची कथा. दुसरी कथा देवळाच्या रचनेतच दिसते. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागं पिटाळलं, तर देऊळच फिरलं आणि तोंड पश्चिमेकडे करून राहिलं. नंदी मात्र मागंच राहिला, आजही त्याचं देऊळ मागच्या बाजूला आहे. उडुपीला कनकदासांसाठी कृष्ण असाच पश्चिमेकडे वळला, अशी कथा कर्नाटकात सांगतात. पश्चिमाभिमुख देवळाला लोकांनी दोन्हीकडे एकच कारण दिलं: दारात अडवलेला भक्त.

नामदेवांच्या बाबतीत या कथेला एक जुना आधार आहे आणि तो पंजाबात आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एकात जातीवरून देवळातून उठवलेला भक्त आणि त्याच्यासाठी फिरलेलं देऊळ आहे. पदात औंढ्याचं नाव नाही. पण ते पद शीख घराघरांत ठाऊक आहे, तेव्हा आपल्या हिंगोली जिल्ह्यातली ही गोष्ट आपल्यापेक्षा अमृतसरला जास्त म्हटली जाते, असं मानायला हरकत नाही. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी हिंगोली तालुक्यातच आहे. पंजाबातलं त्यांचं गाव घुमान. तिथं 2015 साली 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

औंढा तालुक्यात आणखी एक मोठी वास्तू ठरली आहे, लायगो-इंडिया. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा: काटकोनात दोन निर्वात नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब, त्यांतून लेझरचा किरण जातो आणि टोकाच्या आरशावरून परत येतो. लहर आली तर एक बाहू प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी लांबतो, तेवढा फरक पकडायचा. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर टिपली, त्यावर 2017 चं नोबेल मिळालं. भारतातल्या वेधशाळेला 2016 मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. जागा निवडताना जमिनीची रोजची थरथर कमी हवी होती. गंमत अशी, की याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांसाठी प्रसिद्ध आहे, आणि 2024 च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये 4.5 तीव्रतेच्या धक्क्यांनी कळमनुरीकडची माणसं घराबाहेर पळाली होती. शास्त्रज्ञांना अडचण एखाद्या धक्क्याची कमी, अष्टौप्रहर चालणाऱ्या रेल्वे, कारखाने आणि गर्दीची जास्त. ती वर्दळ इथं कमी आहे.

वेधशाळा उभी राहील तेव्हा बाहेरचे लोक येतील, आणि त्यांना दाखवायला नागनाथ आहेच. तोवर आपण तरी तो नीट पाहावा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीची यात्रा भक्तीसाठी ठेवा. देऊळ बघायचं तर साध्या वारी, सकाळी जा. रांगेत उभं राहण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी घ्या, मागचा नंदी चुकवू नका, आवारातली सासू-सुनेची बारव बघा, आणि मग पिंडीला उतरा. मुलं सोबत असतील तर दगड आणि वीट जिथं भेटतात ती रेघ त्यांना शोधायला सांगा. मूर्तींना हात लावू नका, शेंदूर-तेल तर मुळीच नको. दुपारी नर्सी होते आणि रात्री मुक्कामाला हिंगोली किंवा नांदेड गाठता येतं.