माशाच्या रक्ताची साक्ष

उन्हाळ्याचे दिवस असावे, नदीचें पात्र आटून जागोजाग डोह राहिलेले असावे, आणि एके सकाळीं त्यांतील एखाद्या डोहांत पांढरीं पोटें वर करून मासे तरंगतांना दिसावे, हा देखावा आमच्या नदीकांठच्या वाचकांपैकीं पुष्कळांस अपरिचित नसेल. कांठावर माणसें जमतात, नाकाला पदर लावतात, आणि ‘हे कशानें मेले?’ असा प्रश्न निघतो. परंतु तोंपर्यंत विष बहुधा पुढें वाहून गेलेलें असतें. मेलेला मासा हा उशिरां आलेला साक्षीदार होय. ह्या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें हें, कीं मासा मरण्याच्या पुष्कळ आधीं त्याचें रक्त बोलूं लागतें.

आमच्या जिल्ह्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात. त्यापूर्वीं अहमदनगर म्हणत. रतनगडाच्या डोंगरांत उगम पावणारी प्रवरा १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणांत अडते, आणि पुढें अकोलें, संगमनेर, नेवासें अशीं गांवें मागें टाकून प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते. तिच्या पाटाच्या पाण्यावर ऊंस वाढला आणि उसावर साखरेचे व मद्यार्काचे कारखाने उभे राहिले. हें वैभव खरें आहे. पण शेतांतील खतें व कीटकनाशकें, गांवांचें सांडपाणी, आणि कारखान्यांतील पाणी नीट शुद्ध न केल्यास तेंही, शेवटीं नदीचीच वाट धरतें. ‘वाहतें पाणी निर्मळ’ ही म्हण वडिलांच्या काळीं जितकी खरी होती तितकी आज राहिलेली नाहीं.

आतां, पाण्याची परीक्षा करण्यास माशाचें रक्तच कां घ्यावें? मासा कल्ल्यांनीं श्वास घेतो. कल्ल्यांतील पडदा इतका पातळ असतो कीं एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस रक्त अशी स्थिति असते. जो प्राणवायू आंत जातो त्याच वाटेनें विषही जातें. शिवाय, विहिरीचें पाणी खराब लागलें तर आपण दुसऱ्या विहिरीवर जातों. डोहांतल्या माशास ती सोय नाहीं.

मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या असून त्यांत केंद्रक नसतें. माशाच्या पेशी लंबवर्तुळाकार असतात व प्रत्येकींत केंद्रक असतें. हॉलंडांतील लेव्हेनहूक ह्यानें आपल्या हातच्या सूक्ष्मदर्शकानें माशाच्या ह्या लांबट पेशी सतराव्या शतकांतच पाहिल्या होत्या. आमच्या एका घन मिलिमीटर रक्तांत अशा सुमारें ५० लक्ष पेशी असतात. बहुतेक माशांत १० ते ३० लक्ष असतात. विद्यार्थ्यांनीं बाजारांतून आणलेल्या ताज्या माशाच्या रक्ताचा थेंब शिक्षकांच्या देखरेखीखालीं कांचपट्टीवर पातळ पसरून अवश्य पाहावा.

परीक्षा घेतांना माशास लवंगेच्या तेलासारख्या औषधानें भूल देतात व शेपटीजवळच्या शिरेंतून सुईनें थोडेंसें रक्त घेतात. रक्त गोठूं नये म्हणून त्यांत औषध घालतात. मग आंखलेल्या कांचेवर पेशी मोजतात. केसासारख्या बारीक नळींत रक्त भरून ती वेगानें फिरवितात, म्हणजे पेशी तळाशीं बसून रक्ताचा दाटपणा कळतो. आणि हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहणारें तांबडें द्रव्य, किती आहे तें पाहतात.

निरनिराळीं विषें रक्तांत निरनिराळ्या खुणा ठेवितात. शिशासारख्या धातूनें हिमोग्लोबिन बनण्याचें काम अडतें व मासा पांडुरोगी होतो. मॅलॅथिऑनच्या जातीचीं कीटकनाशकें मज्जातंतूंचें काम सुरळीत ठेवणाऱ्या एका एन्झाइमास बांधून टाकतात. त्याची घट मेंदूप्रमाणें रक्तांतही मोजतां येते. कांहीं विषें पेशीच्या केंद्रकाचा तुकडा तोडतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं वेगळा दिसतो. सांडपाणी व खतें कुजून नायट्राइट वाढलें म्हणजे माशाचें रक्त तपकिरी होतें; मग भोंवतीं प्राणवायू असूनही तो वाहून नेतां येत नाहीं. ही गोष्ट माशापुरती नाहीं. नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यानें तान्हीं मुलें ह्याच कारणानें निळीं पडतात, हें अमेरिकेंतील आयोवा येथील कॉम्ली ह्या डॉक्टरांनीं १९४५ सालीं दाखविलें.

उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर मागें जें काळसर पाणी उरतें, त्याची रीत वेगळी. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायू खाऊन टाकतें. तें कच्चें असतां त्याच्या एका लीटरास सुमारें ४०,००० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. स्वच्छ नदीच्या एका लीटरांत तो अवघा सातआठ मिलिग्रॅम असतो. म्हणजे असें एक लीटर पाणी नदीच्या सुमारें पांच हजार लीटरांचा प्राणवायू फस्त करूं शकतें. अशा वेळीं माशाची प्लीहा सांठविलेल्या तांबड्या पेशी रक्तांत सोडते व त्यांची संख्या वाढते. मरळ मात्र वर येऊन हवा गिळतो, म्हणून तो तगतो. तेव्हां ‘मरळ जिवंत आहे, पाणी चांगलें आहे’ असें समजणें ही मोठी चूक होय.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जाळ्यांत सांपडल्याच्या भीतीनेंच माशाच्या रक्तांतील साखर वाढते. वय, ऋतु व उपासमार ह्यांनींही रक्त बदलतें. म्हणून त्याच जातीच्या, स्वच्छ पाण्यांतील माशांशीं तुलना केल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. ताप आहे हें अंगास हात लावून कळतें, पण तो कशाचा हें वैद्यास शोधावें लागतें. तसेंच रक्त दुखणें सांगतें, आणि विषाचें नांव पाण्याच्या पृथक्करणावरून ठरतें.

विषाची मर्यादा ठरवितांना, ९६ तासांत निम्मे मासे किती विषानें मरतात, हें पाहण्याची जुनी रीत आहे. परंतु जेवढ्यानें मासा मरत नाहीं तेवढें विष निरुपद्रवी, असें त्यावरून ठरत नाहीं. रक्ताची परीक्षा हाच भ्रम दूर करते. उपाय करण्यास अवकाश असतो तो ह्याच वेळीं. मासे पालथे पडल्यावर नव्हे.

प्रवरेचें पाणी गोदावरीबरोबर पुढें नाथसागरांत सांठतें, आणि छत्रपति संभाजीनगरच्या घराघरांतून तें पितात. तेव्हां आमच्या पालकांस विनंति आहे, कीं फवारणीचा पंप पाटांत किंवा ओढ्यांत धुऊं नये, आणि औषधाची रिकामी बाटली पाण्यांत टाकूं नये. माशास तक्रार करतां येत नाहीं. तो आपल्या रक्तांत ती लिहून ठेवितो. ती वाचावयास शिकलेलीं मुलें ह्या जिल्ह्याच्या शाळांतून निघोत, अशी आमची इच्छा आहे.