परक्याची बोट, आपला नांगर

दुकानाच्या दारात कोणाचा टेम्पो उभा राहिला तर दुकानदार लगेच बाहेर येतो. खाडीत मात्र मालक हजर कोठे असतो? बाणकोट, दाभोळ, राजपुरी या बाजूच्या पुष्कळ लोकांनी मुंबईची, आखाताची कमाई बोटीत घातली आहे. मालक दूर आणि बोट तांडेलाच्या हाती. बोट बाहेर गेली की तिच्या जागी भलताच कोणी आपली बोट बांधून निघून जातो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सगळ्या बोटी एकदम परततात, तेव्हा हा तंटा हमखास.

नुकसान नुसते जागेचे नसते. नांगराचे वजन व साखळीची जाडी आपल्या बोटीच्या हिशेबाने ठरवलेली असते. लहान होडीच्या नांगराला जड ट्रॉलर बांधला आणि उधाणाच्या भरतीत वारा सुटला, की नांगर फरफटत जातो.

आता हक्काचा मामला पाहू. सातबारा आपल्या नावे असला तरी भरतीच्या पाण्याखालची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सरकारची असते. तेथे खासगी धक्का बांधायचा तर १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी हवी. हा कागद नसेल तर आपली तक्रार म्हणजे बिलाशिवाय विकलेल्या मालाची वसुली! तेव्हा आधी कागद, मग भांडण.

रागाच्या भरात दोर कापणारे बहाद्दर आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय बोट सोडणे १९०८ च्या बंदर कायद्यात स्वतंत्र गुन्हा होता. त्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा आला. पण मुद्दाम दुसऱ्याच्या मालाचे नुकसान करणे भारतीय न्याय संहितेखाली आजही गुन्हाच आहे. फिर्यादी आपण, आणि आरोपीही आपणच व्हायचे!

त्यापेक्षा बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक टिपून घ्यावा, तारखेसह फोटो काढावा, तांडेलाला गाठून मुदत द्यावी. वादळात आसऱ्याला आलेल्याशी हुज्जत घालू नये. मुदत टळली तर मालकाला लेखी नोटीस, आणि तिची नक्कल जोडून बंदर निरीक्षकाकडे अर्ज.

ओळखीच्या माणसाला जागा द्यायची असेल तर तीही लिहूनच द्यावी. आपल्या जमिनीवरून धक्क्यावर जाण्याची वाट कोणी वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून वापरली तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्याचा वहिवाटीचा हक्क उभा राहू शकतो. लेखी परवानगीने वापरणाऱ्याला तसा दावा सांगता येत नाही. त्या कागदात मुदत, बोटीचे वजन व नुकसानभरपाई कोणाकडे, हे तिन्ही असावे. भाडे घ्यायचे असेल तर मंडळाच्या परवान्यात पोटभाड्याला मनाई आहे काय, तेवढे आधी वाचून घ्यावे.